मंगेशीचे मास्टर दीनानाथ: नाटक कंपन्यांची शर्यत, बोलपटाची लाट आणि बुडालेली ‘बळवंत’

फोंडा तालुक्यातल्या मंगेशी गावाचे नाव आज जगभर पोचले आहे ते एका आडनावामुळे. मंगेशकर म्हटले की लोकांना आधी लता आठवतात, मग आशा, मग हृदयनाथ. हे आडनाव ज्यांनी घेतले आणि मिरवले त्या दीनानाथांची ओळख मात्र आता लतादीदींचे वडील एवढीच उरली आहे. नव्वद-शंभर वर्षांपूर्वी गोष्ट वेगळी होती. तेव्हा मास्टर दीनानाथ हे नाव जाहिरातीवर दिसले की सांगली, बेळगाव, पुणे, मुंबईत नाटकगृहापुढे गर्दी व्हायची. त्यांच्या मालकीची स्वतःची नाटक कंपनी होती, हाताखाली मोठा कबिला होता, आणि बालगंधर्वांसारख्या नटसम्राटाच्या काळात स्वतःचा वेगळा प्रेक्षक त्यांनी उभा केला होता.

मग पाच-सात वर्षांत सगळे गेले. कंपनी बंद पडली, सिनेमात घातलेले पैसे बुडाले आणि वयाच्या ४१व्या वर्षी दीनानाथ पुण्यात वारले. मागे पत्नी आणि पाच लहान मुले. थोरली बारा वर्षांची.

गळा कमी पडला म्हणून हे झाले नाही. बाजार बदलला. करमणुकीच्या धंद्यात एक साधन दुसऱ्याला कसे खाते, आणि त्यात भल्याभल्यांची वाताहत कशी होते, हे समजून घ्यायचे तर दीनानाथांच्या आयुष्याइतके जवळचे उदाहरण आपल्या भागात दुसरे नाही.

देवळाच्या सावलीत

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० चा, मंगेशीचा. आई येसूबाई राणे देवळाच्या सेवेत असलेल्या कलावंत घराण्यातल्या, स्वतः गाणाऱ्या. वडील गणेशभट नवाथे हे मंगेशाचे पुजारी, अभिषेक करणारे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अशा मुलाला बापाचे आडनाव मिळत नसे. दीनानाथांनी गावाचे आणि देवाचे नाव घेतले आणि मंगेशकर झाले. समाजाने जे दिले नाही त्याची भरपाई त्यांनी अशी करून घेतली. पुढे तेच आडनाव देशभर आदराने घेतले गेले.

फोंडा महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात आला तो १७६३ च्या सुमाराला, म्हणजे बराच उशिरा. पेडणे, डिचोली, सत्तरी हेही त्याच नव्या काबिजादीतले. जुन्या काबिजादीतले देव सोळाव्या शतकात नदी ओलांडून इकडे आले. मंगेशही कुठ्ठाळीहून १५६० मध्ये आला. देव आले तशी देवळे वाढली, देवळांबरोबर उत्सव आले आणि उत्सवाबरोबर गाणे, कीर्तन, दशावतार, रात्रभराची नाटके आली. याच फोंड्याच्या परिसरातून केरीच्या केसरबाई केरकर आल्या, बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे आल्या. गाणे इथे शिकायला जावे लागत नव्हते, ते कानावर पडतच होते.

दीनानाथांना पाचव्या-सहाव्या वर्षीच बाबा माशेलकरांकडे गाणे शिकायला बसवले. आवाज लहानपणापासून तीक्ष्ण, उंच जाणारा आणि चपळ होता. गोव्यात राहून पोट भरण्याइतका धंदा या आवाजाला मिळणार नव्हता. पैसा आणि नाव होते ते ब्रिटिश मुलखात, फिरत्या नाटक कंपन्यांत. गोव्यातले कितीतरी गायक, नट, वादक त्याच वाटेने घाट चढून गेले. दीनानाथही गेले, आणि पोरवयातच किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले.

कंपन्यांचा बाजार

त्या वेळी संगीत नाटकाचा धंदा म्हणजे काय होता हे आधी पाहायला हवे.

बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचा पाया घातला. त्यांची किर्लोस्कर मंडळी बरीच वर्षे या धंद्यात मोठी मानली जाई. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, हे तिचे सर्वांत चालणारे नाणे. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्करमधून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्याआधी १९०८ मध्ये केशवराव भोसल्यांनी हुबळीत ललितकलादर्श काढली होतीच.

या कंपन्यांची स्पर्धा चालायची ती दोन गोष्टींवर: नट आणि नाटक. गाजलेला गायक नट फोडून आणणे हा एक डाव. चांगल्या नाटककाराचे नवे नाटक फक्त आपल्याकडे ठेवणे हा दुसरा. काकासाहेब खाडिलकरांची ‘स्वयंवर’, ‘द्रौपदी’ ही नाटके गंधर्व मंडळीकडे. मामा वरेरकर ललितकलादर्शकडे. बघणाऱ्याला ‘स्वयंवर’ बघायचे तर गंधर्व मंडळीचाच तंबू गाठायला हवा. आजकाल एखादा व्हिडिओ गेम एकाच कंपनीच्या यंत्रावर मिळतो आणि त्या एका खेळासाठी पोरे ते यंत्र विकत घ्यायला लावतात, तसाच हा प्रकार.

खर्चही तसाच अवाढव्य. एका कंपनीत पन्नास-शंभर माणसे. नट, साथीदार, पडदे रंगवणारे, कपडेवाले, आचारी, पाणक्ये, गडी. गाव बदलले की सगळे बिऱ्हाड रेल्वेच्या डब्यात. रोज दोन वेळची पंगत. नाटक आठवड्यातून दोन-तीन दिवस, जेवण मात्र सातही दिवस. पावसाळ्यात प्रयोग थंडावले तरी पगार चालू. म्हणून प्रत्येक कंपनी कुठल्या ना कुठल्या सावकाराच्या दारात उभी असायची. उत्पन्न भरपूर आणि कर्ज त्याहून भरपूर, असा हा संसार. बालगंधर्वांसारखा लोकप्रिय मालकही कर्जातून सुटला नाही.

बालगंधर्व गेल्यावर किर्लोस्कर मंडळीला नवा गळा हवा होता. ती जागा भरून काढणाऱ्यांत हा मंगेशीचा मुलगा पुढे आला. स्त्री भूमिका, देखणा चेहरा, ऐकणाऱ्याला चकित करणाऱ्या ताना. लोक दीनानाथांना ऐकायला येऊ लागले. मग जे बालगंधर्वांनी केले तेच पाच वर्षांनी दीनानाथांनी केले.

‘बळवंत’ उभी राहते

१९१८ मध्ये दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे किर्लोस्करमधून बाहेर पडले आणि त्यांनी बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे मूळ नावही बळवंतच. दीनानाथ तेव्हा अवघे सतरा-अठरा वर्षांचे. कंपनीचा आवाज ते, अभिनयाची आणि व्यवहाराची मोठी बाजू चिंतामणरावांची. वेळ मात्र बरी नव्हती. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने देशभर माणसे मेली आणि पहिले महायुद्ध नुकतेच संपत होते.

नव्या कंपनीला सगळ्यात आधी हवे होते नवे नाटक. पाठीशी उभे राहिले राम गणेश गडकरी. त्या दिवसांत मराठीत गडकऱ्यांच्या नाटकासाठी प्रत्येक कंपनी टपून असायची. ‘एकच प्याला’ त्यांनी गंधर्व मंडळीला दिले आणि ‘भावबंधन’ बळवंतला. गडकरी क्षयाने आजारी होते. २३ जानेवारी १९१९ ला सावनेर इथे त्यांचे निधन झाले. ‘भावबंधन’चा शेवट त्यांनी मरणाच्या अगदी उंबरठ्यावर पुरा केला असे सांगितले जाते. आधार देणारा नाटककार कंपनी रांगायला लागायच्या आतच गेला, पण जाताना त्याने तिला जगायला पुरेल असे नाटक दिले.

‘भावबंधन’मधली दीनानाथांची लतिका गाजली. चिंतामणरावांचा घनश्यामही लोकांच्या तोंडी झाला. लतिका हे नाव दीनानाथांच्या मनात इतके रुजले की पुढे पहिल्या मुलीचे नाव त्यांनी तेच ठेवले. ती लहानपणीच गेली. १९२९ मध्ये इंदूरला जन्मलेल्या मुलीचे नाव आधी हेमा ठेवले होते, तेही बदलून लता केले. लता हे नाव असे एका नाटकातून आले.

वेगळा माल, वेगळे गिऱ्हाईक

बालगंधर्वांसमोर उभे राहायचे तर त्यांच्यासारखे गाऊन चालणार नव्हते. नक्कल करणारे त्या काळी ढिगाने होते आणि ते सगळे विसरले गेले. दीनानाथांनी वाट निराळी धरली. बालगंधर्वांचे गाणे मऊ, लडिवाळ, भावात भिजलेले. दीनानाथांचे गाणे धारदार, वेगवान, एका सुरावरून अचानक दुसरीकडे झेप घेणारे. त्यात पंजाबी वळणाच्या जागा असत, अनवट राग असत. ऐकणाऱ्याला पुढची तान कुठे जाईल याचा अंदाज येत नसे. काही जुन्या रसिकांना हे आक्रमक वाटे. तरुणांना मात्र वेड लागे.

शिकायची भूकही थांबली नव्हती. नाव झाल्यावर माणूस सहसा शिकत नाही. दीनानाथ सावंतवाडी संस्थानातून आलेल्या रामकृष्णबुवा वझ्यांचे गंडाबंध शिष्य झाले. बिकानेरला जाऊन पंडित सुखदेवप्रसादांकडेही त्यांनी तालीम घेतली. वझेबुवांकडे अनवट रागांचा खजिना होता आणि दीनानाथांकडे तो पेलणारा गळा. बळवंतच्या पुढच्या नाटकांना बुवांनीच चाली दिल्या.

नाटकांची निवडही ठरवून केलेली. १९२७ मध्ये वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभि’ आले. कथा दूरच्या राज्याची, पण बोलणे सगळे स्वातंत्र्याचे. प्रेक्षकांना इशारा नीट कळत होता. त्यातली दीनानाथांची तेजस्विनी आणि तिची पदे घराघरांत गेली. १९३१ मध्ये रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ बळवंतने रंगभूमीवर आणले. सरकारची नजर असलेल्या लेखकाचे नाटक करणे म्हणजे परवाना, बंदी, पोलीस हे सगळे अंगावर ओढून घेण्याची तयारी. ती जोखीम कंपनीने घेतली. ‘मानापमान’ खाडिलकरांचे, खूप आधीपासून गाजलेले. दीनानाथांनी त्यातला धैर्यधर स्वतःच्या ढंगाने, नव्या चालींनी उभा केला आणि तो जुन्यापेक्षा वेगळा म्हणून ओळखला गेला.

१९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत एकत्र ‘संयुक्त मानापमान’ केले. दोन कट्टर स्पर्धक एका रंगमंचावर आले, तिकिटांसाठी झुंबड उडाली. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव वारले. ललितकलादर्शची धुरा बापूराव पेंढारकरांकडे गेली. आता मैदानात मुख्यतः तीन नावे उरली: गंधर्व, ललितकलादर्श आणि बळवंत. सगळ्यांची नजर एकमेकांवर होती. कुणाचा पडदा भारी, कुणाचे नवे नाटक कधी, कुणाचा नट रुसला आहे.

एका गोष्टीकडे मात्र तिघांचेही लक्ष उशिरा गेले.

पडद्याला आवाज फुटतो

१९१३ हे वर्ष दोन कारणांसाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी गंधर्व मंडळी निघाली आणि त्याच वर्षी ३ मे ला दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला. पण मूकपटाची भीती संगीत नाटकवाल्यांना वाटली नाही, आणि त्यात त्यांचे चुकलेही नाही. लोक नाटकाला यायचे ते गाणे ऐकायला. पडद्यावरची माणसे तोंड हलवत, गात नसत. जोवर सिनेमा मुका होता तोवर गाण्याचा मक्ता नाटक कंपन्यांकडेच होता. अठरा वर्षे दोन्ही धंदे शेजारी शेजारी चालले.

१४ मार्च १९३१ ला मुंबईत ‘आलम आरा’ लागला आणि हा मक्ता एका दिवसात संपला. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आणला. त्यात हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, म्हणजे गंधर्व मंडळीच्या तीन संस्थापकांपैकी एक. नाटकातला गायक आता पडद्यावर गात होता, आणि तोच गायक एकाच रात्री दहा गावांत गाऊ शकत होता.

हिशेब साधा होता. नाटक कंपनीला गाव बदलायचे तर शंभर माणसे आणि मालडबे हलवावे लागत. सिनेमाला पुरत होते फिल्मचे डबे आणि ते चालवणारा एक माणूस. नाटक रात्रभर एकदाच, सिनेमाचे खेळ दिवसातून दोन-तीन वेळा. नटाचा घसा बसला की नाटक बंद, पडद्यावरचा घसा कधीच बसत नाही. तिकीट स्वस्त, खेळ अडीच-तीन तासांत आटोपणारा, दुसऱ्या दिवशी गिरणीत किंवा शेतावर वेळेवर जाता येई. त्यात १९२९ नंतरची जागतिक मंदी. शेतमालाचे भाव कोसळले होते, खेड्यापाड्यांतून नाटकाला येणाऱ्या माणसाच्या खिशात पैसा नव्हता. जो थोडा होता तो स्वस्त तिकिटाकडे गेला.

गावोगावची नाटकगृहे सिनेमाची थिएटरे होऊ लागली. मालकाला रोजचे ठरलेले उत्पन्न हवे होते. आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या, उधारी मागे ठेवून जाणाऱ्या कंपन्या नको होत्या. म्हणजे प्रेक्षक जाण्याआधीच कंपन्यांच्या पायाखालची जागा गेली.

आणखी एक बदल याच वेळी झाला. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ केले. छोटे, घरगुती, थोडक्या गाण्यांचे नाटक. त्यात बाईची भूमिका बाईनेच केली, आणि ती बाई होती फोंड्याच्या बांदिवड्याची ज्योत्स्ना भोळे. पुरुषांनी स्त्री भूमिका करण्याची जी कला दीनानाथांनी आयुष्यभर कमावली तिची गरज हळूहळू संपत चालली होती. मंगेशी आणि बांदिवडे शेजारची गावे. एका गावाचा कलाकार ज्या वाटेने वर आला ती वाट बंद होत होती, दुसऱ्या गावाची कलाकार नवी वाट उघडत होती.

सांगलीतला जुगार

दीनानाथांनी डोळे मिटून घेतले नाहीत. १९३३ मध्ये त्यांनी विश्राम बेडेकर या नव्या लेखकाचे ‘ब्रह्मकुमारी’ केले. पण नवे नाटक हा आता उपाय राहिला नव्हता. म्हणून बळवंतच्या मालकांनी मोठा निर्णय घेतला: नाटक कंपनीचीच सिनेमा कंपनी करायची. जागा ठरली सांगली. ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये मराठी नाटकाची मुहूर्तमेढ रोवली, तिथेच बळवंत आता कॅमेऱ्याकडे वळली.

चित्रपट होता ‘कृष्णार्जुन युद्ध’, १९३४ चा, मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत. दिग्दर्शन चिंतामणराव कोल्हटकर आणि विश्राम बेडेकर यांचे. चित्रपट चालला नाही. कंपनीवर कर्जाचा डोंगर झाला आणि बळवंत संपली.

विचार चुकीचा होता असे आज मागे वळून म्हणणे सोपे आहे. पण त्या वेळी दुसरे काय करता आले असते? नाटक धरून बसलेल्या कंपन्याही बुडाल्याच. अडचण वेगळी होती. बळवंतकडे नट होते, गाणे होते, नाव होते. पण सिनेमाच्या धंद्याला लागतो तो कॅमेरा जाणणारा माणूस, आवाज मुद्रित करणारा तंत्रज्ञ, फिल्म धुणारी प्रयोगशाळा आणि तयार चित्रपट शंभर गावांत पोचवणारे वितरक. प्रभातकडे दामले, फत्तेलाल, शांताराम अशी मूकपटापासून हात काळे केलेली मंडळी होती. त्यांनी ही विद्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली वर्षानुवर्षे गिरवली होती. बळवंतला ती एका चित्रपटात शिकायची होती, तीही कर्जाच्या पैशावर. पहिला डाव फसला तर दुसरा खेळायला गाठीशी काही नव्हते.

बालगंधर्वांचेही निराळे झाले नाही. त्यांनी थेट प्रभातशी करार केला. १९३५ च्या ‘धर्मात्मा’मध्ये ते संत एकनाथ झाले. एकाच चित्रपटानंतर वाटा वेगळ्या झाल्या. रंगमंचावर रात्रभर ‘वन्स मोअर’ घेत गाणारा माणूस कॅमेऱ्यापुढच्या तुकड्यातुकड्यांच्या कामात रमला नाही. ते परत नाटकाकडे गेले, आणि पुढची वर्षे हलाखीची गेली. एकाने स्वतःचे सगळे पणाला लावून सिनेमा काढला, दुसऱ्याने सगळ्यांत यशस्वी कंपनीचा हात धरला. हातात दोघांच्याही काही लागले नाही.

हा प्रकार नाटकापुरताच नाही. जपानच्या सेगा कंपनीचे व्हिडिओ गेमचे यंत्र एके काळी घराघरांत होते. तिने १९९८ मध्ये ड्रीमकास्ट हे नवे यंत्र आणले. ते चांगले होते, त्याचे खेळही वाखाणले गेले. पण २००० मध्ये सोनीचे प्लेस्टेशन २ आले. त्यावर खेळ तर होतेच, शिवाय सिनेमाच्या डीव्हीडीही चालत. एका पैशात दोन कामे करणारे साधन लोकांनी उचलले. २००१ मध्ये सेगाने यंत्रे बनवणेच सोडले. पण सेगाने एक केले: आपले खेळ कालच्या स्पर्धकांच्या यंत्रांसाठी बनवायला सुरुवात केली. यंत्र गेले, खेळ राहिला. दीनानाथांना स्वतःच्या हयातीत ही संधी मिळाली नाही. त्यांच्या मुलांना मिळाली.

शेवटची वर्षे

कंपनी गेल्यावर दीनानाथांनी गाणे थांबवले नाही. मैफली केल्या, छोट्या संचात जुन्या नाटकांचे प्रयोग केले. घरात लता, मीना, आशा, उषा आणि १९३७ मध्ये जन्मलेले हृदयनाथ. घरात रोजची तालीम असे. आपण शिष्याला शिकवत असताना चुकलेली जागा पाच वर्षांच्या लताने दुरुस्त करून दाखवली, तेव्हा या मुलीच्या गळ्यात काय आहे ते बापाला कळले, ही आठवण लताबाई पुढे अनेकदा सांगत. ‘सौभद्र’च्या एका प्रयोगाला नारद करणारा नट आला नाही म्हणून लहानगी लता नारद होऊन उभी राहिली, हीही त्यांचीच आठवण. मोडक्या संचाचा प्रयोग होता तो. भरल्या कंपनीत नारदाची भूमिका करायला पाच जण तयार असते.

पत्नी शेवंती, म्हणजे माई, यांनी हा सगळा उतार पाहिला. त्या खानदेशातल्या थाळनेरच्या. दीनानाथांची पहिली पत्नी नर्मदा ही त्यांची बहीण. ती वारल्यावर शेवंतीबाईंशी लग्न झाले होते. भरलेल्या कंपनीचे वैभव आणि त्यानंतरची ओढाताण, दोन्ही त्यांच्या वाट्याला आली.

पुढे कुटुंब सांगली सोडून पुण्याला आले. तब्येत ढासळत गेली. २४ एप्रिल १९४२ ला दीनानाथांनी पुण्यात डोळे मिटले.

बारा-तेरा वर्षांच्या लताला शोक करायला सवड मिळाली नाही. त्याच वर्षी ती मास्टर विनायकांच्या ओळखीने ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात उभी राहिली. घर चालवायचे होते. ज्या सिनेमाने बापाची कंपनी बुडवली, त्याच सिनेमाच्या दारात मुलीला जावे लागले. सात वर्षांनी ‘महल’ आला आणि मंगेशकर हे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी झाले, या वेळी सगळ्या देशाच्या.

उरले काय?

जिंकणारेही कायमचे जिंकले नाहीत. प्रभात १९५३ मध्ये बंद पडली, तिच्या जागेत आज पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. मग दूरदर्शन आले, कॅसेट आली, व्हिडिओ आला, आता मोबाईल आहे. गावोगावची जी थिएटरे नाटक हुसकावून सिनेमाची झाली, त्यांतली कितीतरी आज मंगल कार्यालये, नाहीतर पडीक इमारती आहेत.

चिंतामणराव कोल्हटकरांनी ‘बहुरूपी’ हे आत्मचरित्र लिहिले आणि त्याला साहित्य अकादमी मिळाली. विश्राम बेडेकरांच्या ‘एक झाड आणि दोन पक्षी’लाही मिळाली. बळवंतच्या बुडत्या जहाजावरचे दोघे पुढे लेखक म्हणून तरले. दीनानाथांना लिहायला आयुष्यच उरले नाही. त्यांच्या मागे राहिल्या काही ध्वनिमुद्रिका. त्या ऐकून पुढच्या पिढीतले वसंतराव देशपांडे घडले. मंगेशीच्याच जितेंद्र अभिषेकींनी १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ला संगीत दिले, वसंतराव त्यात खाँसाहेब झाले, आणि संपले म्हणून सोडून दिलेले संगीत नाटक पुन्हा तुफान चालले. दीनानाथांचे गाणे असे पंचवीस वर्षांनी आपल्याच गावच्या माणसाच्या हातून रंगमंचावर परतले.

आज पणजीत कला अकादमीच्या नाट्यगृहाला दीनानाथांचे नाव आहे, सांगलीत आहे, विलेपार्ल्यात आहे, पुण्यात रुग्णालयाला आहे. पण त्यांचा खरा वारसा बघायचा तर पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इथल्या एखाद्या गावच्या देवळाच्या उत्सवात रात्री जाऊन बसावे. गावचाच शिक्षक, गावचाच दुकानदार, गावचाच बसचालक तोंडाला रंग लावून उभा असतो. पेटी-तबला घेऊन गावचीच पोरे बसलेली असतात. तिकीट नसते, पगार नसतो, सावकार नसतो. फिरत्या कंपन्या आल्या आणि गेल्या, सिनेमा आला, टीव्ही आला, मोबाईल आला. देवळापुढचे नाटक मात्र चालू आहे, कारण ते बाजारावर जगतच नाही. त्याला प्रेक्षक विकत आणावा लागत नाही, वर्गणी गाव देते.

दीनानाथ निघाले होते अशाच एका देवळापासून. बाजारात ते हरले, हे खरे. पण त्या अंगणात अजूनही कुणीतरी धैर्यधर होतो, आणि तान घेताना नकळत दीनानाथांच्याच वळणाने जातो.